चिरा, चुना आणि पर्जन्यमान

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड सच्छिद्र. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. पावसाचा मारा गिलावा सोशी आणि उघडीप मिळताच शोषलेली ओल बाहेर सोडी. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतील जीर्णोद्धारात, वास्तूला पुरातन रूप यावे म्हणून तो खरवडून काढण्यात आला.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. परंतु केवळ या बेरजेवरून भिंतीचे भवितव्य कळत नाही. वारा पाऊस कोणत्या बाजूने आणतो, आर्द्रता किती काळ टिकते, सुकावयास किती दिवस मिळतात, या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. ऐन पावसाळ्यात उघडा चिरा भिजतो. पण वाळत नाही. त्यावर शेवाळ धरते, दगड झिजतो.

जुन्या गवंड्यांपाशी आकडे नव्हते, ऋतूंचा अनुभव होता. आकड्यांनी आज तोच खरा ठरविला आहे. ओल ही ग्रंथांचीही वैरीण. ग्रंथालयाच्या भिंतींनाही हाच न्याय लागू पडतो.