घोरपड, घोरपडे आणि बेंगळूर

बेंगळुरातील काही तरुण मंडळींत एक बैठा खेळ चांगलाच रुळला आहे. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र वठवितात आणि अडल्या जागी फासे टाकून निकाल लावतात. या जातीचा आद्य खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यांतील एक परिचित कथानक असे : एकाच अवशेषांच्या शोधात निघालेली दोन प्रतिस्पर्धी पथके आणि वाटेत आडवी येणारी सरडेमाणसे. ही माणसे बहुधा मारण्यापुरतीच योजिलेली असतात. मराठी सूत्रधाराने तेवढ्यावर समाधान मानू नये, असे आम्हांस वाटते. कारण याहून सरस कथानक या शहराच्याच इतिहासात आहे.

१६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बेंगळूर घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते व पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. मुधोळचे बाजी घोरपडे हेही त्याच आदिलशाहीचे सरदार. १६४८ च्या जुलैत जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाच्या हुकमाने शहाजीराजांना कैद करण्यात आले, तेव्हा त्या कामी बाजी घोरपडे पुढे होते. राजे १६४९ मध्ये सुटले. पण वैर राहिले. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे राजांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी शिवाजीमहाराजांच्या मुधोळवरील स्वारीत बाजी घोरपडे मारले गेले.

आता या नावाकडे पाहू. घराण्याची परंपरा सांगते की, बहमनी काळात खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना पूर्वजांनी घोरपडीस दोर बांधून कडा सर केला व त्यावरून हा किताब मिळाला. भोसले व घोरपडे एकाच कुळाच्या दोन शाखा, असेही तीच परंपरा सांगते. तिला आधार म्हणून दाखविल्या जाणाऱ्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १६७० च्या सिंहगडाच्या पोवाड्यातही घोरपड येतेच. घोरपड नख्यांनी खडकास घट्ट धरते हे खरे. माणसाचा भार पेलण्याची गोष्ट लोककल्पनेची. परंतु ही कल्पना काय सांगते ते महत्त्वाचे : आमच्या पूर्वजांनी या प्राण्याला शत्रू मानले नाही, त्याचे नाव अभिमानाने धारण केले.

सूत्रधारास यातून पुष्कळ घेता येईल. सरडेमाणसांना स्वतःचे गड, किताब आणि स्मृती द्याव्यात. दोन्ही पथके एकाच दरबाराची चाकर असावीत, आणि त्यांच्या भांडणात त्या दरबाराचाच लाभ असावा. मग एका खेळाडूच्या हाती रात्री हुकूम द्यावा की, पहाटे समोरच्या नायकास धरा. आणि तो नायक आपल्याच रक्ताचा आहे, हेही त्यास कळू द्यावे. हुकमाची तामिली करावी की नात्याला जागावे? बदलीच्या मुलखात परक्या सरकारी शिक्क्याखाली दिवस काढणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न अनोळखी नाही. अशा जागी फासे न टाकता खेळाडूसच बोलू द्यावे.