फोटोचे दुकान फोटोवर कधीच चालले नाही

उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप उतरले की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर येते. पाणी आणखी सरले तर मंदिरही उघडे पडते. मग कॅमेरे येतात, ड्रोन उडतात आणि आठवडाभर आपल्या सर्वांच्या मोबाइलवर तेच एक शिखर फिरत राहते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि नवे गाव उंचावर वसले.

माझे आजोळ तिथले. बुडालेल्या घराचे एकही छायाचित्र आजोळी नाही. आहे तो फक्त पणजोबांचा हार घातलेला फोटो आणि त्यांच्या मागे रंगवलेला राजवाड्याचा जिना. पणजोबांनी आयुष्यात राजवाडा पाहिला नसावा. तो जिना तालुक्याच्या गावातील स्टुडिओच्या पडद्यावरचा होता. आजचा धागा त्या पडद्यामागच्या माणसाविषयी आहे. फोटोच्या दुकानाला पैसे मिळत तरी कशातून?

प्रारंभ मुंबईतून करू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या संस्था त्यानंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. पण ही मंडळी हौशी होती, त्यांचे पोट कॅमेऱ्यावर अवलंबून नव्हते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तेथे शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. धंदा म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक.

त्या काळी व्यवसायाला आधार मिळाला तो ‘कार्त द व्हिजित’ या फ्रेंच युक्तीचा. दिस्देरी याने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेत आणि ती पुठ्ठ्यावर चिकटवून देत. एका चित्राचा भाव त्यामुळे कोसळला. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचे नाव आणि पत्ता छापलेला असे; म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच जाहिरात नातेवाइकांच्या घरी पोहोचवी. पुष्कळदा त्याखाली आणखी एक ओळ असे: निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील. ही ओळ लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

राजा दीनदयाळ यांना आपण निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ओळखतो. मला त्यांच्यातला दुकानदार अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी निगेटिव्हांना क्रमांक दिले, आणि हैदराबादेत १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. दुकानात कोण येतो हे सारेच पाहतात. कोण येऊ शकत नाही हे त्यांनी पाहिले.

सर्वांना हे जमले असे नाही. दादासाहेब फाळके यांचा गोध्र्यातील स्टुडिओ प्लेगच्या काळात बंद पडला. त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तर कॅमेरा माणसातील शक्ती शोषून घेतो अशी समजूत आडवी आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. चित्रपट त्यानंतर बराच उशिरा आला.

त्याआधीचे उदाहरण सावेदादांचे, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचे. मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता आणि छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यापारही ते करीत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. आपल्या चित्रपटाचा इतिहास स्टुडिओतून किंवा दरबारातून नव्हे, तर एका फोटोच्या दुकानातून सुरू होतो, हे वाक्य मी जरा जोर देऊन लिहितो आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते सापडत नाही.

आता तालुक्याच्या गावी येऊ. उजनीचे बांधकाम चालू होते तो काळ बडोद्यात तयार होणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीचा. साधा डबा, एका रोलमध्ये बारा फोटो. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्मही बाजारात होती. पण गावात कॅमेरा असे तो एखाद्या गुरुजींकडे किंवा मुंबईला नोकरीस असलेल्या कोणाकडे. बाकीच्यांसाठी स्टुडिओ.

आणि स्टुडिओ चालत असे तो कशावर? मृत माणसावर, हे कठोर वाटले तरी खरे आहे. घरातले कोणी गेले की एखाद्या लग्नातील समूहचित्र घेऊन लोक येत. त्यातील अंगठ्याएवढा चेहरा कॉपी करायचा, मोठा करायचा, पेन्सिलने टचिंग करायचे, कधी डोक्यावर पटका रंगवायचा आणि फ्रेम करून द्यायचा. फोटोपेक्षा फ्रेमवर सुटणारे पैसे अधिक. त्याच भिंतीवर देवांच्या तसबिरी विकायला टांगलेल्या असत. वापरून झालेल्या हायपोत चांदी उतरते, तीही विकली जाई. लग्नसराई हा हंगाम आणि श्रावण-भाद्रपद हे पोटाला चिमटा घेण्याचे दिवस.

मग सरकार मदतीला आले, नकळत. टी. एन. शेषन यांच्या निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये मतदार छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला. परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, पासपोर्ट, प्रत्येक कागदाला चेहरा हवा होता. रंगीत फिल्म आल्यावर अंधाऱ्या खोलीतले काम शहरातील लॅबने नेले. गावचे दुकान रोल गोळा करून पाठवण्याची जागा झाले. दुकानाला तगवून धरले ते पासपोर्ट फोटोने.

ती सोयही गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारसाठी फोटो आणावा लागत नाही. समोर बसवून तिथेच काढतात. ज्या कागदांनी दुकान जगवले, तेच कागद आता स्वतःचा कॅमेरा घेऊन आले. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फोनने काय केले ते सांगायला इतिहासाचा विद्यार्थी नको.

आज इंदापूर-भिगवण पट्ट्यात कॅमेरे पूर्वीपेक्षा जास्त आहेत. हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला माणसे लाखांची लेन्स गळ्यात अडकवून येतात. होडीवाल्याला पैसे मिळतात, घरगुती जेवण देणाऱ्याला मिळतात. फोटोच्या दुकानाला काहीच मिळत नाही. भाड्याने लेन्स नाही, मोठ्या कागदावर छापून देण्याची सोय नाही. ही उणीव भरून निघण्याजोगी आहे, परंतु माझ्या मते खरा ठेवा दुकानाच्या माळ्यावर आहे.

माळीच्या देशात, बामाको शहरात सेदू केइता याने १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला होता. गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह त्याने जपल्या, म्हणून १९९४ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे प्रदर्शन भरू शकले. आपल्याजवळच, मध्य प्रदेशातील नागद्याच्या सुहाग स्टुडिओवर ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकाने लिहिले आहे. इंदापूर, करमाळा, दौंड येथील जुन्या दुकानांत मात्र खोकी रद्दीत जातात. ॲसिटेट फिल्म उष्णतेने कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की वेळ थोडा उरला समजावे. आणखी एक गाठ कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो. म्हणजे दुकानदाराला प्रदर्शन भरवायचे तर घरोघर जाऊन विचारले पाहिजे. मला ही अडचण न वाटता गिऱ्हाईक परत जोडण्याची वाट वाटते.

गेल्या दिवाळीत मी एका बंद पडत आलेल्या स्टुडिओत गेलो. काकांनी वही काढली: क्रमांक, आडनाव, गाव, ॲडव्हान्स किती, बाकी किती. गावाच्या रकान्यात ‘पळसदेव’ दिसेल ते पाकीट आम्ही बाजूला काढत गेलो. एका पाकिटात वरातीच्या तीन निगेटिव्ह निघाल्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा धरून फोनवर त्यांचे फोटो घेतले, रंग उलटे केले आणि एकाची प्रत काकांकडूनच छापून घेतली.

आजीला दाखवली. नवरदेव कोण, हे तिने विचारलेच नाही. घोड्याच्या मागे दगडी जोते आणि दाराशेजारी एक कोनाडा दिसत होता; त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हा आपला कोनाडा. पणती ह्यात ठेवायची मी.” दुसऱ्या दिवशी भावकीतल्या तिघांचे फोन आले. काकांनी त्या आठवड्यात अकरा प्रती छापल्या, चार फ्रेमसहित, आणि माळ्यावरचे दुसरे खोके खाली घेतले.