घास उतरण्याची वाट

जठरातील आम्ल उलटून वर चढते आणि छातीत आग पेटविते, त्या विकारावरील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे बहुधा आम्लाला बांध कसा घातला एवढेच सांगून थांबतात. परंतु त्या बांधामुळेच ज्यांच्या गळ्याखाली घास उतरेना, त्या रुग्णांच्या तक्रारींनी ही विद्या खरी सुधारली, अशी माझी धारणा आहे.

या शस्त्रक्रियेचे जनक रुडॉल्फ निसेन हे बर्लिनच्या झाउअरब्रुखांच्या हाताखाली तयार झालेले शल्यविशारद. १९३३ साली हिटलरच्या अमदानीत, यहुदी असल्यामुळे, त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि ते इस्तंबूलच्या विद्यापीठात रुजू झाले. तेथे १९३६ साली एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रणग्रस्त खालचा भाग काढून उरलेली नलिका जठरास जोडताना, तो सांधा फुटू नये एवढ्याच हेतूने, त्यांनी जठराच्या भिंतीच्या घड्या तिच्याभोवती घेऊन टाके घातले. आणि पुढे वर्षे लोटल्यावर असे आढळले, की त्या रुग्णास आम्लाचा उपद्रव उरलेलाच नाही. अमेरिकेतील वास्तव्यानंतर बाझेलच्या अध्यासनावर आलेल्या निसेनांनी १९५५ साली हीच युक्ती, काहीही न कापता, योजिली : गळ्याभोवती उपरणे गुंडाळावे तसा जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या टोकाभोवती पूर्ण गुंडाळावयाचा.

वेढा लांब होता, घट्टही होता. सूज असेतो पहिले काही आठवडे घास अडखळणे स्वाभाविकच, म्हणून पेज, सूप असे पातळ अन्न देत. परंतु काहींचा त्रास सूज ओसरल्यावरही हटेना. पावाचा तुकडा छातीच्या मध्यावर येऊन थबके, त्यावर प्यालेले पाणीही तिथेच तुंबे, आणि पोट वायूने फुगले तरी ढेकर देता येईना. छातीतली आग विझली खरी, पण जेवणाच्या ताटाची धास्ती बसली. ही किंमत लहान नव्हे.

हा त्रास कमी करण्याच्या दोन वाटा निघाल्या. फ्रान्समध्ये दोर यांनी १९६२ साली पुढून आणि तूपे यांनी १९६३ साली मागून, असा अपुराच वेढा घालण्याची रीत काढली. अमेरिकेतील डिमीस्टर यांनी मात्र पूर्ण वेढा न सोडता १९८६ साली शंभर रुग्णांच्या अनुभवाचा हिशेब मांडला : टाके घालताना अन्ननलिकेत पूर्वीपेक्षा जाड, सुमारे २० मिलिमीटर व्यासाची नळी ठेवून वेढा सैल राखला, त्याची लांबी ४ सेंटिमीटरांवरून १ वर आणली, आणि गिळण्याचा कायमचा त्रास शेकडा २१ वरून ३ वर उतरला.

१९९१ पासून हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागली. आता आधी अन्ननलिकेच्या आकुंचनाचा जोर दाबमापनाने तपासतात, आणि तो क्षीण आढळल्यास अनेक शल्यविशारद तूपे यांचा अपुरा वेढाच पसंत करतात.