स्टिअरिंगवरची बटणे आणि बाहेरचा स्टिरिओ : एका मुक्या झालेल्या बटणाचा इतिहास

१/ गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून बाजारातला नवा बसवला की अनेकांना एकच अनुभव येतो. पडदा मोठा मिळतो, गाणी सुरेल वाजतात. पण स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करणारी बटणे मात्र मुकी होतात. असे का घडते, याचे उत्तर तारांच्या जुडग्यात जितके आहे तितकेच इतिहासातही आहे. हा इतिहास आज क्रमाने पाहू.

२/ आरंभ १९३० सालापासून करू. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनचे पॉल गॅल्विन यांनी मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीनेच ते नाव धारण केले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा रेडिओ मोटार बनवणाऱ्याने घडवलेला नव्हता. गाडी एकाची, रेडिओ दुसऱ्याचा आणि जोडणी करणारा तिसरा. मोटारीतले संगीत जन्मतःच ‘बाहेरचे’ होते.

३/ दोनच वर्षांनी, १९३२ साली, जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. किंमत ४६५ राइशमार्क. यंत्र इतके अवजड, की चालकाच्या हाताजवळ ते मावेना. तेव्हा पेटी दूर बसवली आणि तिचे नियंत्रण स्टिअरिंगच्या दांड्यावर आणले. म्हणजे आज ज्यांचे पटत नाही असे आपण म्हणतो, तो बाहेरचा रेडिओ आणि स्टिअरिंगवरचे नियंत्रण हे दोघे युरोपात एकाच दिवशी, एकाच खोक्यातून जन्मले.

४/ नियंत्रण हाताशी का हवे? त्या काळी अमेरिकेत रेडिओमुळे चालकाचे लक्ष विचलित होते, म्हणून चालत्या गाडीत त्यावर बंदी घालावी, अशीही चर्चा झाली होती. बंदी टिकली नाही; प्रश्न टिकला. हिशेब करून पाहा : ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. बटण शोधण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर ३३ मीटर रस्ता आपण न पाहता ओलांडतो. स्टिअरिंगवरच्या बटणाचे महत्त्व या ३३ मीटरांत आहे.

५/ पुढल्या चार दशकांत रेडिओ लहान होत गेला. निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, त्यामागून कॅसेट आली. प्रत्येक कंपनीचा डॅशबोर्ड वेगळा असल्याने जोडणी करणाऱ्याचे हाल होत. यावर तोडगा जर्मन मानकाने दिला : रेडिओच्या खाचेची रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. १९८४ साली या मापाला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. आपले दुकानदार ‘सिंगल डिन’ म्हणतात ते हेच माप. ‘डबल डिन’ म्हणजे तीच रुंदी आणि दुप्पट उंची.

६/ या मापाला मी मोटारीच्या इतिहासातला एक मोठा तह मानतो. कोणाचाही स्टिरिओ कोणाच्याही गाडीत बसू लागला. पुढे वीजपुरवठा आणि स्पीकर यांच्या कप्लरचेही मानक ठरले. मात्र त्या तहात एक कलम राहून गेले : स्टिअरिंगवरच्या बटणांनी स्टिरिओशी कोणत्या भाषेत बोलावे, हे सर्व कंपन्यांसाठी कोणीच ठरवले नाही. कारणही साधे होते. हे माप ठरत होते तेव्हा तशी बटणे जवळजवळ नव्हतीच.

७/ आपल्याकडची स्थिती वेगळी नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा कोलकात्याजवळची अॅम्बॅसडर. टेपरेकॉर्डर बसवायचा तो बहुधा गाडी घरी आल्यावर, बाजारातून आणून. त्या काळच्या कारागिराला चार-पाच तारा ओळखता आल्या की पुरे : बॅटरीची, किल्लीची, जमिनीची आणि स्पीकरच्या जोड्या. स्टिअरिंगचा आणि संगीताचा काही संबंध असू शकतो, हा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

८/ हा संबंध पुन्हा जुळला तो १९८० च्या दशकात. १९८४ च्या सुमारास आलेली फ्रान्सची रेनॉ २५ ही स्टिअरिंगलगत रेडिओचे नियंत्रण देणाऱ्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक. बटणे खुद्द चक्रावर आणण्यात मात्र एक जुनी अडचण होती. चक्र फिरते, तारा फिरत नाहीत. हॉर्नसाठी घासत फिरणारी धातूची कडी चालून जाई; तिच्यात क्षणभर खंड पडला तरी बिघडत नसे.

९/ ही अडचण सोडवली ती संगीताने नव्हे, सुरक्षेने. १९८१ च्या सुमारास मर्सिडीझने आपल्या एस-क्लासमध्ये चालकासाठी एअरबॅग देऊ केली. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून सर्व नव्या कारना पुढच्या दोन्ही एअरबॅग बंधनकारक झाल्या. एअरबॅगच्या जोडणीत क्षणाचाही खंड परवडत नाही. म्हणून चक्राखाली घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सपाट तारांची पट्टी बसवण्याची पद्धत रुळली. चक्र फिरले की ती सैल होते वा आवळते, पण तुटत नाही. तिला म्हणतातच ‘क्लॉक स्प्रिंग’.

१०/ वाट एकदा तयार झाली की तिच्यावरून इतर प्रवासीही जातात. त्या पट्टीत एक-दोन तारा वाढवणे स्वस्त होते, आणि त्या तारांवरून आवाज, पुढचे गाणे, फोन ही बटणे चक्रावर आली. जीव वाचवण्यासाठी बांधलेल्या पुलावरून करमणूक पलीकडे गेली. सैन्यासाठी बांधलेल्या रस्त्यांवर पुढे व्यापार वाढतो, तसाच हा प्रकार.

११/ पण तारा दोन आणि बटणे सहा, हे गणित कसे जमले? रोधकांच्या, म्हणजे रेझिस्टरच्या, युक्तीने. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रोधक असतो. समजा, आवाज वाढवण्याचे बटण दाबले तर १०० ओहम, कमी करण्याचे दाबले तर ३००, पुढच्या गाण्याचे दाबले तर ७००. स्टिरिओ तारेवरचा व्होल्टेज मोजतो आणि कोणते बटण दाबले ते ओळखतो. एकाच घंटेच्या दोरीने, ठोक्यांची संख्या बदलून, निरनिराळे निरोप द्यावेत तसे हे आहे.

१२/ खरी मेख इथेच आहे. १०० ओहम म्हणजे ‘आवाज वाढव’ हा संकेत एका कंपनीने ठरवला. दुसरीने त्याच मूल्याला ‘फोन उचल’ असा अर्थ दिला. बाहेरचा स्टिरिओ आला की तार जागेवर असते, बटणही ठणठणीत असते. संकेत वाचणारा मात्र गेलेला असतो. बटण मुके झालेले नसते. त्याची भाषा जाणणारा श्रोता हरवलेला असतो.

१३/ मग बाजाराने दुभाषे निर्माण केले. आरंभीच्या अडॅप्टरांची युक्ती गमतीदार होती : ते बटणाचा व्होल्टेज वाचत आणि स्टिरिओच्या रिमोटसारखा अदृश्य प्रकाशाचा संकेत त्याच्याकडे सोडत. स्टिरिओला वाटे, कोणी रिमोटच दाबला. पुढे स्टिरिओ बनवणाऱ्यांनी मागच्या बाजूला ‘वायर्ड रिमोट’चे छिद्र दिले. आज अनेक अँड्रॉइड स्टिरिओंना ‘की-१’ व ‘की-२’ अशा तारा असतात. एकेक बटण दाबून त्याचा अर्थ स्टिरिओला शिकवता येतो.

१४/ इतक्यात दुसरी क्रांती होऊन गेली होती. गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रे वाढली, तशी प्रत्येकासाठी स्वतंत्र तार ओढणे अशक्य झाले. जर्मनीच्या बॉश कंपनीने फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ‘कॅन’ ही पद्धत मांडली. परस्परांत पिळलेल्या दोन तारा आणि त्यांवर सर्व यंत्रांचे संदेश. १९९० च्या दशकाच्या आरंभी मर्सिडीझच्या एस-क्लासमधून ती रस्त्यावर आली. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून गाडीची तपासणी याच भाषेत होणे आवश्यक ठरले.

१५/ या व्यवस्थेत बटणाच्या स्वतंत्र तारेने स्टिरिओपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. स्टिअरिंगमधली लहानशी चकती बटण ओळखते, आणि ‘आवाज वाढव’ हा निरोप अंकांच्या रूपात सामायिक तारांवर येतो. तो उलगडण्यासाठी त्या विशिष्ट गाडीची संकेतावली ठाऊक असलेला डिकोडर लागतो. मागचा कॅमेरा आणि पार्किंगचे सेन्सरही अनेक गाड्यांत याच मार्गाने बोलतात. म्हणून चुकीचा डिकोडर लावला, तर बटणांबरोबर तेही हरवू शकतात.

१६/ इथे प्रश्न तंत्राकडून अधिकाराकडे वळतो. ही संकेतावली कोणाच्या मालकीची? गाडी आपली, तर तिची भाषाही आपली असावी, हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी एका जीपच्या मनोरंजन-यंत्रणेतून दूरवरून शिरकाव करून ती चालत्या स्थितीत ताब्यात घेऊन दाखवली. फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. स्टिरिओ हा किल्ल्याचा दिंडी दरवाजा ठरू शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले.

१७/ म्हणून आता अनेक कंपन्या मनोरंजनाची तार आणि ब्रेक-इंजिनाची तार यांच्यामध्ये पहारेकरी बसवतात. पहारा आवश्यकच आहे. पण पहाऱ्याच्या नावाखाली मालकालाच वेशीबाहेर ठेवले जाऊ नये, यासाठीही लढे झाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या अधिकाराच्या बाजूने कौल दिला. भारतात जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारीही होत्या.

१८/ आता या इतिहासाचा व्यवहारातला उपयोग. स्टिरिओ बदलण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या गाडीची बटणे रोधकांची भाषा बोलतात की कॅनची? नव्या स्टिरिओला त्या भाषेचा दुभाषा जोडता येतो का? आणि जोडणी तारा कापून होणार आहे, की गाडीच्या मूळ कप्लरला बसणाऱ्या तयार हार्नेसने? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. हार्नेस काढून मूळ स्टिरिओ पुन्हा बसवता येतो. कापलेली तार मात्र कायमची सांधलेली राहते.

१९/ आणखी एक सावधगिरी. या कामासाठी सहसा स्टिअरिंग उघडावे लागत नाही. संकेत डॅशबोर्डमागे, स्टिरिओच्या कप्लरपर्यंत आलेला असतो. कोणी चक्र काढायला निघाला, तर आधी कारण विचारा. तिथे एअरबॅग आहे. बॅटरी सोडून, ठरावीक वेळ थांबून, जाणकारानेच हात घालण्याची ती जागा. ज्या पुलावरून गाणी पलीकडे गेली, तो मुळात कशासाठी बांधला होता, हे विसरता कामा नये.

२०/ १९३२ साली पेटी मोठी होती, म्हणून नियंत्रण स्टिअरिंगपाशी आले. आज पेटीचा पडदा झाला आहे, आणि त्यावर बोट कुठे ठेवायचे हे पाहण्यासाठी नजर पुन्हा रस्त्यावरून हटते. यंत्रे पार बदलली. माणसाचे डोळे दोनच राहिले आणि ते ३३ मीटरही तेवढेच राहिले. तेव्हा नव्या स्टिरिओचे बिल देण्यापूर्वी, दुकानाच्या दारातच, स्टिअरिंगवरचे प्रत्येक बटण एकदा दाबून पाहावे.