बेंझोडायझेपीन औषधे टप्प्याटप्प्याने सोडणे

बेंझोडायझेपीन गटातील औषधांची (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम इ.) शरीराला सवय जडल्यावर ती एकदम न थांबवता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अवधीत मात्रा उतरवत नेऊन बंद करण्याची पद्धती. गोळीचे तुकडे करून साधणार नाही इतकी लहान घट हवी असेल, तर औषध द्रवात मिसळून मापाने दिले जाते. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न दोन वाटांनी उभा राहतो. एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही दिवसांपुरती सुरू झालेली आणि मग वर्षानुवर्षे चालू राहिलेली झोपेची गोळी. दुसरी, मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने चोरून विकले जाणारे अल्प्राझोलाम. वाटा वेगळ्या असल्या तरी औषधांचा गट एकच असल्याने सोडवणुकीचे शास्त्रही एकच आहे.

पार्श्वभूमी : या गटातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी शोधले. ते १९६० साली ‘लिब्रियम’ नावाने आणि पाठोपाठ १९६३ साली डायझेपाम ‘व्हॅलियम’ नावाने बाजारात आले. भारतात रॅनबॅक्सीच्या ‘काम्पोज’ने डायझेपाम घरोघरी पोहोचवले. पुढे अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम यांनी त्याची जागा घेतली. आधीच्या बार्बिट्युरेटांपेक्षा ही औषधे अतिमात्रेत कमी घातक असल्याने सुरुवातीला ती निर्धोक मानली गेली. त्यांची सवय नेमून दिलेल्या मात्रेतही लागते, हे १९८०च्या सुमारास सर्वमान्य झाले. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे हीदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालवले. त्या अनुभवावरची त्यांची मार्गदर्शिका आजही जगभर वापरली जाते.

सवय आणि एकदम थांबवण्याचे धोके : मेंदूतील गाबा हे रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरते आणि बेंझोडायझेपिने त्याचा परिणाम वाढवतात. रोजच्या वापराने मेंदू या आधाराशी जुळवून घेतो आणि गाबाला दिला जाणारा त्याचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो. अशा वेळी औषध अचानक थांबले तर झोप उडते, हातपाय कापतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, आवाज व उजेड सहन होत नाही. काही रुग्णांना आकडी येते, भ्रम होतो आणि जिवावरही बेतते. अल्प्राझोलामसारख्या अल्पकाळ टिकणाऱ्या औषधात हा त्रास एकदोन दिवसांत सुरू होतो. डायझेपाममध्ये आठवडाभरही लागू शकतो. यातली निद्रानाश व धास्ती ही लक्षणे मूळ आजारासारखीच असल्याने ‘गोळीशिवाय चालतच नाही’ असा रुग्णाचा व घरच्यांचा समज होतो आणि गोळी पुन्हा सुरू होते.

घटीचे वेळापत्रक : घट सहसा चालू मात्रेच्या टक्केवारीत मोजतात, सुरुवातीच्या मात्रेच्या नव्हे. अमेरिकेतील व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संस्थेने इतर वैद्यकीय संघटनांसह २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट विचारात घ्यावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट करू नये. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबतात. अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाऐवजी समतुल्य मात्रेत डायझेपाम देऊन मग ते उतरवणे हा ॲश्टन यांचा मार्ग होता. त्यांच्या कोष्टकात ०.५ मिग्रॅ अल्प्राझोलाम किंवा तितकेच क्लोनाझेपाम १० मिग्रॅ डायझेपामच्या बरोबरीचे धरले आहे. ही तुल्यता ढोबळ आहे. वृद्ध व्यक्तीत आणि यकृताच्या विकारात डायझेपाम शरीरात साचत जाते, त्यामुळे हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो.

खरी अडचण शेवटी येते. रोज १ मिग्रॅ क्लोनाझेपाम घेणाऱ्याने दर दोन आठवड्यांनी १० टक्के घट केली, तर वीस आठवड्यांनी मात्रा सुमारे ०.३५ मिग्रॅ उरते आणि पुढची घट ०.०३५ मिग्रॅची असते. बाजारात सहज मिळणारी लहान गोळी ०.२५ मिग्रॅची आहे. तिचे चार तुकडे केले, आणि भुगा न होता ते सारखे पडले, तरी प्रत्येक तुकडा ०.०६ मिग्रॅहून मोठाच राहतो. त्याहून अवघड म्हणजे संयुक्त गोळ्या. क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्राम किंवा अल्प्राझोलामसोबत प्रोप्रॅनोलॉल असलेल्या गोळ्या भारतात सर्रास लिहून दिल्या जातात. गोळी अर्धी केली की दोन्ही औषधे अर्धी होतात. म्हणून आधी दोन्ही सुटी करून घ्यावी लागतात.

द्रव मात्रा : द्रवरूपाचा उपयोग याच टप्प्यावर होतो. समजा, १०० मिलि द्रवात १ मिग्रॅ औषध एकसारखे पसरलेले आहे, तर प्रत्येक मिलिमध्ये ०.०१ मिग्रॅ औषध असते आणि सुई नसलेल्या सिरिंजने एकेक मिलि कमी करता येतो. हिशेब सोपा आहे, अडचण ‘एकसारखे’ या शब्दात आहे. ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. पाण्यात गोळी टाकली की ती फुटते, पाणी पांढुरके होते आणि काही मिनिटांत तळाशी साका बसतो. १०० मिग्रॅ वजनाच्या गोळीत औषध अर्धा मिग्रॅ असेल, तर उरलेले ९९.५ मिग्रॅ लॅक्टोज, स्टार्च यांसारखे भरणद्रव्य असते. डोळ्यांना दिसतो तो गढूळपणा याच भरणद्रव्याचा. त्यामुळे पेला गढूळ दिसला म्हणून औषध त्यात समान पसरले आहे असे होत नाही, आणि वरचे पाणी निवळ दिसले म्हणून त्यात औषध अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. सकाळी वरचे पाणी व रात्री तळचे पाणी घेणाऱ्याची मात्रा दिवसभरात वरखाली होते. जो चढउतार टाळण्यासाठी हा खटाटोप, तोच त्यातून घडतो.

औषधनिर्माणशास्त्रात यावर निलंबनाचा उपाय आहे. खलात बारीक केलेले औषध दाट माध्यमात घोटतात, म्हणजे कण लवकर खाली बसत नाहीत. पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चर घोटून देई आणि मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवी. ‘बाटली हलवून घ्या’ ही सूचना त्याच कारणासाठी असे. कारखान्यातली तयार औषधे आल्यावर हे काम मेडिकलच्या दुकानातून जवळपास हद्दपार झाले. फार्मासिस्टने योग्य माध्यमात केलेल्या अल्प्राझोलामच्या निलंबनाचा टिकाऊपणा तपासला गेला आहे. घरी पाण्यात किंवा दुधात कालवलेल्या मिश्रणाला अशी हमी नसते आणि पाणी-दूध नासण्याचा धोका वेगळाच. दारूमध्ये औषध अधिक विरघळते, पण दारू व बेंझोडायझेपीन एकत्र आल्यास गुंगी वाढून श्वास मंदावतो, म्हणून तो मार्ग वर्ज्य आहे. सावकाश पाझरणाऱ्या (‘एसआर’) गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम सुटते. अर्थात सर्वांनाच इतकी बारीक घट लागत नाही. अनेकांची गोळी उपलब्ध गोळ्यांच्या ताकदी बदलत बदलतच सुटते. द्रवाची गरज पडलीच, तर कंपनीने तयार केलेला किंवा फार्मासिस्टने बनवलेला द्रव हाच भरवशाचा.

नाशिक जिल्हा : मालेगाव हे नाशिकपासून सुमारे १०० किमीवर, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले यंत्रमागांचे शहर आहे. तेथे पोलिसांनी अल्प्राझोलामच्या गोळ्यांचे साठे वेळोवेळी जप्त केले आहेत. पुरवठा रोखणे आवश्यकच आहे. पण तो तुटतो त्या दिवशी रोज अनेक गोळ्या खाणारा माणूस, कोणी ठरवलेले नसताना, एकदम औषध थांबवलेला रुग्ण बनतो. तेलंगणात अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम मिसळलेल्या ताडीचा पुरवठा थांबल्यावर आकडी व भ्रमाचे रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले होते. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.१८ कोटी भारतीय गुंगीची औषधे वैद्यकीय कारणाविना घेतात. अशा व्यक्तींची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे.

कायदा : अल्प्राझोलाम, डायझेपाम व नायट्राझेपाम १ मार्च २०१४पासून अनुसूची ‘एच१’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण व विकलेले प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. हीच औषधे १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखालीही येतात. त्यात अल्प्राझोलामचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम ठरवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० सालच्या हिरा सिंग निकालानुसार मिश्रणाचे पूर्ण वजन मोजले जाते. म्हणजे १०० मिग्रॅच्या पन्नास गोळ्यांत ही मर्यादा गाठली जाते. चिठ्ठी असलेल्या रुग्णाला मात्र एका वेळी १०० मात्रा, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे लिहून दिल्यास ३०० मात्रा जवळ बाळगण्याची मुभा नियमांत आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या घटीसाठी ही तरतूद मोलाची ठरते. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते.

आधार व नंतरची काळजी : निद्रानाशावरील वर्तनोपचाराची जोड दिली तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते. कॅनडातील क्युबेक प्रांतात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वृद्ध रुग्णांना नुसती माहितीपुस्तिका दिली, तरी सहा महिन्यांत २७ टक्के जणांनी औषध बंद केले; पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. पूर्वी आकडी आलेल्या, गरोदर, दारूचेही व्यसन असलेल्या किंवा फार मोठी मात्रा घेणाऱ्या व्यक्तींची घट रुग्णालयात करणे श्रेयस्कर. ‘टेली-मानस’ (१४४१६) व व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी (१४४४६) येथे प्राथमिक सल्ला मिळतो. औषध बंद झाल्यावर काहींना झोप व धास्तीचा त्रास काही महिने रेंगाळतो आणि बहुधा ओसरत जातो. या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने जुनी मात्रा एकदम पुन्हा घेणे, विशेषतः दारू किंवा अफूजन्य औषधांबरोबर, जिवाला धोकादायक ठरते.