वेदीसमोर उभे राहिल्यानंतर काय?

सध्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रकारचे व्हिडिओ वारंवार फिरतात. वस्तीतल्या एखाद्या प्रार्थनासभेत पास्टरचे प्रवचन संपत आलेले असते, वाद्यांचा आवाज हळू होतो आणि हाक येते, ज्यांना प्रभूचा स्वीकार करायचा आहे त्यांनी पुढे यावे. माणसे डोळे पुसत पुढे जातात. खाली आपल्याच पोरांचे हसणारे इमोजी आणि शेरे असतात: 'नाटक', 'ब्रेनवॉश', 'तांदळाच्या पोत्यासाठी'.

आम्हाला हे हसणे खटकते. 'एका दिवसात लाखो लोकांना धम्मातले काय कळले?' हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांनाही असाच हसत हसत विचारला गेला होता. चारचौघांत उठून आपला निर्णय सांगणाऱ्या माणसाची टिंगल करायची असेल, तर आधी त्या कृतीचा इतिहास वाचावा लागेल. टीका जरूर करावी. पण ती नेमकी कुठे करायची, हेही त्या इतिहासातच सापडते.

या प्रथेला इंग्रजीत ऑल्टर कॉल म्हणतात, म्हणजे वेदीकडे येण्याची हाक. ती बायबलइतकी जुनी असेल असे वाटते, पण तशी ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीमावर्ती भागात कॅम्प मीटिंग भरू लागल्या. १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज येथे भरलेली त्यातली सर्वात गाजलेली. लोक बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन येत, रानात तंबू ठोकत आणि दिवसेंदिवस प्रवचने ऐकत. पुढे मेथॉडिस्टांच्या अशा मेळ्यांत व्यासपीठासमोरची जागा कुंपण घालून वेगळी ठेवली जाऊ लागली. ज्यांना पश्चात्ताप झाला त्यांनी तिथे यायचे. तिला वेदी म्हणत, पण तिथे ना मूर्ती असे ना यज्ञ. असायचे ते गवत पसरलेले आणि बाक.

या प्रथेला शिस्तबद्ध तंत्र बनवले ते चार्ल्स ग्रँडिसन फिनी याने. हा मूळचा वकिलीतला माणूस. १८३०-३१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात त्याच्या सभा गाजल्या. सभागृहात पुढे एक बाक राखून ठेवलेला असे, ज्याला आपल्या आत्म्याची चिंता वाटते त्याने उठून त्यावर येऊन बसावे. वकील ज्युरीकडून जसा निर्णय मागतो, तसा फिनी श्रोत्यांकडून तिथल्या तिथे निर्णय मागत असे. तोवर तिथल्या कॅल्विनपंथी चर्चमध्ये शिकवण होती की कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, माणसाने वाट पाहावी. फिनी म्हणाला, वाट कसली पाहता? निवड तुमची आहे, आज करा. नशिबात लिहिलेल्याच्या विरोधात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे प्रारब्ध आणि पूर्वसंचिताच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या गाडल्या गेलेल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको.

फिनीवर टीकाही झाली. जॉन विल्यमसन नेविन या धर्मशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये या बाकाविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. क्षणाच्या भावनेला धर्म समजू नका, सावकाश शिकवण द्या, असे त्याचे म्हणणे होते. यावर फिनीचे उत्तर आधीच तयार होते. १८३५ च्या आपल्या व्याख्यानांत त्याने म्हटले होते की ख्रिस्ताच्या प्रेषितांच्या काळात बाप्तिस्मा जे काम करत होता तेच आता हा बाक करतो, म्हणजे माणसाला सर्वांसमक्ष आपली बाजू जाहीर करायला लावतो. आम्हाला हा युक्तिवाद पटतो. मनातल्या मनात केलेला निर्णय मोडायला कोणाचीच अडचण नसते.

पण पुढे आलेल्या माणसाचे पुढे काय होते? याचे सर्वात कठोर उत्तर त्या सभेत मागे उभ्या असलेल्या एका गुलाम मुलाने लिहून ठेवले आहे. फ्रेडरिक डग्लस. ऑगस्ट १८३२. मेरीलँडमध्ये समुद्रकाठी मेथॉडिस्टांची कॅम्प मीटिंग भरली होती. डग्लसचे वय तेव्हा चौदाच्या आसपास. समोर गोऱ्यांसाठी बाकांच्या रांगा, मध्ये कुंपणातली वेदी, आणि काळ्यांची जागा व्यासपीठाच्या पाठीमागे. त्यांना बसायला काही नाही. म्हणजे देवाची हाक सर्वांना, पण ती ऐकायची कोणी पुढून तर कोणी पाठीमागून! गावकुसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

त्या वेदीत डग्लसचा मालक थॉमस ऑल्ड शिरला. डग्लस व्यासपीठाच्या बाजूला सरकून त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. गुलामांमध्ये खऱ्या धर्मांतराची एक साधी कसोटी होती: मालकाला खरोखर धर्म मिळाला असेल तर तो आपले गुलाम मोकळे करील. ऑल्ड घरी आला. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाल्या, धर्मोपदेशकांची ये-जा वाढली आणि चर्चमध्ये त्याचे वजन वाढले. गुलाम मात्र एकही सुटला नाही. उलट डग्लस लिहितो की तो आधीपेक्षा क्रूर झाला, कारण आता क्रौर्याला शास्त्राचा आधार मिळाला. हेनी नावाच्या हात भाजून अधू झालेल्या तरुणीला तो बांधून चाबकाने मारी आणि मारताना बायबलचे वचन म्हणे. गुलाम मुलांना अक्षरे शिकवण्यासाठी डग्लसने चालवलेली रविवारची शाळा ज्यांनी उधळली त्यांतही हाच ऑल्ड होता.

मग वेदीची हाक निव्वळ ढोंगच होती का? एवढ्यावर थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितला जाईल. थिओडोर वेल्ड हा फिनीच्या प्रभावातून घडलेला तरुण गुलामगिरीविरोधी चळवळीचा संघटक झाला. १८३० च्या दशकाच्या मध्यात तो ओहायोत गावोगाव भाषणे करत फिरला. दगड आणि अंडी झेलली. भाषणमालेच्या शेवटी तो गुरूचेच तंत्र वापरी: ज्यांना गुलामगिरी तात्काळ संपायला हवी असे वाटते त्यांनी उभे राहा. हाक तीच, पण उभ्या राहिलेल्या माणसाला संघटना मिळत होती, सही करायला अर्ज मिळत होता आणि शेजाऱ्याशी भांडायला मुद्दा मिळत होता. फिनीला स्वतःला मात्र इतके पुढे जायचे नव्हते. त्याने गुलाममालकांना प्रभुभोजनातून वगळले, हे त्याचे मोठेपण. पण न्यूयॉर्कमधल्या त्याच्या चॅपलमध्ये काळ्यांची आसने वेगळीच राहिली आणि १८३६ मध्ये तो वेल्डला सांगत होता की आधी आत्म्यांचा उद्धार, गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या मागून.

'आधी हे, मग ते' हे वाक्य आपणही फार ऐकले आहे.

विसाव्या शतकात ही प्रथा बिली ग्रॅहमने स्टेडियममध्ये नेली. समूहगान, पुढे येणाऱ्यांच्या रांगा, प्रत्येकासोबत एक समुपदेशक, भरून घ्यायचे कार्ड आणि मग ते कार्ड स्थानिक चर्चकडे. व्यवस्था चोख होती. १९५३ मध्ये चॅटनूगा येथे काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणारे दोर त्याने स्वतः काढले, हे नोंदवायला हवे. पण १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग रस्त्यावर उतरले तेव्हा त्याच ग्रॅहमने जरा ब्रेक लावा असा सल्ला दिला. दोर काढायला हरकत नव्हती, आंदोलनाला होती.

हाच ग्रॅहम १९५६ च्या सुरुवातीला भारतात आला होता. तेव्हा मुंबई संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पेटलेली होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग समोरच्या लाखोंना सांगितले, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभे राहावे. लोक जिथे होते तिथेच उठले. कोणाला पुढे यायचे नव्हते, कोणाला मागे ठेवलेले नव्हते.

बाबासाहेबांनी हा विचार सहज केलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की भिक्खूंसाठी संघदीक्षा होती, पण उपासकांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती आणि भारतातून बौद्ध धम्म लोपण्याचे ते एक कारण ठरले, कारण सामान्य माणूस एकाच वेळी अनेक धर्मांत वावरत राहिला. सर्वांसमक्ष जाहीर करण्याचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. आणि धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरच्या लेखनात दुसऱ्या बाजूचा धोकाही त्यांनी दाखवला होता: हिंदू असताना त्याला सांगितले गेले की तुझी अवस्था तुझ्या कर्मामुळे आहे, ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती आदिपुरुषाच्या पापामुळे आहे. दोन्हीकडे समाजव्यवस्था निर्दोष सुटते! वेदीसमोर रडणारा माणूस स्वतःच्या पापासाठी रडतो. त्याच्यावर झालेल्या अन्यायाची नोंद त्या कार्डावर नसते.

म्हणूनच नागपुरात त्रिशरणाच्या पाठोपाठ बावीस प्रतिज्ञा आल्या. कोणते देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसांना समान मानीन. या प्रतिज्ञांवर डग्लसची कसोटी लावता येते, कारण त्या दुसऱ्या दिवशी घरात जाऊन तपासता येतात.

आता आपण ती कसोटी स्वतःला लावतो का? धम्मदीक्षेचे कार्यक्रम आम्हीही घेतले आहेत. बॅनर, पांढरे कपडे, किती जणांनी दीक्षा घेतली याचा आकडा, फेसबुकवर फोटो. त्यानंतर त्या कुटुंबाकडे आम्ही किती वेळा गेलो? गावात त्यांचे पाणी तोडले, मुलाला शाळेत टोमणे बसले, तेव्हा त्यांच्याकडे आमचा फोन नंबर तरी होता का? एका वस्तीत तीन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेली एक बाई आम्हाला पुढे प्रार्थनासभेत भेटली. आमच्यातला एक जण रागावला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, नवरा दवाखान्यात होता तेव्हा हे लोक रोज डबा घेऊन यायचे. तुम्ही कुठे होता?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही दीक्षेच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे. त्यात भेटीच्या तारखा लिहितो. पहिल्या वर्षाची पाने अजून बरीच कोरी आहेत.