डोकं दमलं की पाय दमतात

परवा रविवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दुसऱ्याच फेरीत फाफललो. रात्री ना पार्टी, ना जागरण. फक्त सकाळी उठल्यापासून पाऊण तास अंथरुणात फोन चाळत पडलो होतो. मित्र म्हणाला, "म्हातारा झालास रे." पण बग सापडल्याशिवाय आम्हा लोकांना चैन कुठली? शोधत शोधत थेट १८९१ सालात जाऊन पोचलो!

त्या वर्षी इटलीतल्या तुरीन शहरातल्या आंजेलो मोस्सो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने थकव्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. बोटाने वजन उचलायचं आणि बोट दमेपर्यंतचा आलेख काढायचा, असं त्याचं यंत्र होतं. त्याचे सहकारी प्राध्यापक तासन् तास तोंडी परीक्षा घेऊन आले की त्यांचं बोट लवकर हार मानायचं. बोटाने तर काहीच काम केलेलं नसायचं!

मग बरीच वर्षं हा विषय अडगळीतच पडला म्हणा ना. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये सॅम्युएले मार्कोरा (हाही इटालियनच) याने १६ जणांना एकदा ९० मिनिटं डोकं पिळणारं काम दिलं, एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला, आणि दोन्ही वेळा नंतर सायकल मारायला लावली. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद, कामानंतर ६४०. गंमत म्हणजे हृदय, स्नायू ठीकच होते. तेवढेच कष्ट जास्त 'वाटत' होते, म्हणून माणूस आधी थांबत होता. पुढे ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंना सामन्याआधी सोशल मीडिया बघायला दिलं. १५ मिनिटांनी फरक पडला नाही, ३० मिनिटांनंतर मात्र पास कुणाला द्यायचा हे निर्णय चुकायला लागले. स्पेनमधल्या काही संशोधकांच्या मते हे सगळे परिणाम फुगवलेले आहेत. असतीलही. पण एकदम जोर लावायच्या खेळांपेक्षा दमाच्या खेळांना मनाचा थकवा जास्त नडतो, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय.

हे वाचताना मला ऑगस्ट २०१६ आठवला. रिओ ऑलिंपिक सुरू होऊन चार दिवसही झाले नव्हते, आणि शोभा डे यांनी ट्विटरवर टोमणा मारला, की आपले खेळाडू सेल्फी काढून रिकाम्या हाताने परत येणार. अभिनव बिंद्राने तिथेच उत्तर दिलं, की हे जरा अन्यायाचं होतंय. त्याच दिवशी तो चौथा आला होता, पदक थोडक्यात हुकलेलं. म्हणजे खेळाडू हे सगळं वाचत होते तर!

आणि त्याच रिओत आपल्या नाशिक जिल्ह्याचा एक जण होता. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, पोराने विहिरी खोदायच्या कामावर मजुरी केलेली. २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. चारच वर्षांत ऑलिंपिक! तेव्हा घरी आई डोक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेली, पोरगा कुठे चाललाय हे समजण्याच्या स्थितीत नव्हती. फोन बाजूला ठेवता येतो हो, हे कुठे ठेवणार?

एकेरी नौकानयन म्हणजे २००० मीटर, साधारण सात मिनिटं, नावेत दुसरं कुणी नाही. म्हणजे नेमका दमाचाच खेळ. उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला, पदकाची आशा तिथेच संपली. तरी पुढच्या शर्यतींना उतरला, 'क' गटाची अंतिम शर्यत जिंकला आणि जगात तेरावा आला.